उत्तरेच्या खिडकीतला पडदा

कापड गिरणीत त्यांना सगळे पारखीबाई म्हणत. खरे नाव हजेरीपटावर होते, ते तिथेच राहिले. नवा माणूस कामाला लागला की जुने लोक त्याला बजावत, "मशीनशी भांड, वेळ आली तर मॅनेजरशी भांड, पण रंगाच्या बाबतीत पारखीबाईंशी हुज्जत घालू नकोस." त्यांनी एखाद्या निळ्याला 'आंबलेला' म्हटले की तो आंबलेला. मग रंगशाळेतल्या माणसांनी कितीही नाके मुरडली तरी त्या रंगाचा अख्खा घाणा परत फिरे.

त्यांची जागा म्हणजे दिव्याची खोली. काम सांगायला सोपे होते. रंगवलेल्या कापडाची पट्टी घ्यायची. तिचा अर्धा भाग पुठ्ठ्याखाली झाकायचा, अर्धा उघडा ठेवायचा आणि ती उन्हापेक्षा कडक दिव्याच्या पेटीत लावायची. दिवस भरले की बाहेर काढायची, लगेच बघायची नाही, अंधाऱ्या खणात एक रात्र निजू द्यायची. सकाळी उत्तरेच्या खिडकीशी नेऊन पुठ्ठा काढायचा आणि झाकला भाग, उघडा भाग शेजारी शेजारी बघायचे. दोन्हींत फरक दिसला नाही तर रंग पक्का, दिसला तर कच्चा.

खणात निजवण्याचा नियम त्यांच्या आधीपासूनचा. काही रंग दिव्यातून निघाले की थोडे भडकलेले असतात आणि अंधारात निवतात. पारखीबाई हाताखालच्या मुलींना सांगत, "तापलेल्या माणसाशी आणि तापलेल्या कापडाशी लगेच बोलू नये. रात्रभर जाऊ द्यावं. सकाळी दोघंही शहाणे होतात." उत्तरेच्या खिडकीचेही तसेच. थेट ऊन रंगाला फुगवते, दिवा त्याला आपला रंग फासतो. उत्तरेचा उजेड मात्र कुणाची बाजू घेत नाही, असा त्यांचा विश्वास. गिरणीतली सगळी हयात त्यांनी त्या एका उजेडावर काढली होती.

या नजरेचा घरीही दरारा होता. शेजारी भिंतीला रंग द्यायचा झाला की रंगछटांची पत्रके घेऊन यांच्या दारात. यजमान गुडघ्यांमुळे घरी बसून असत आणि आल्यागेल्याला सांगत, "रंगात हिची चूक कधी झाली नाही. माणसात एकदा झाली, पण मला बघायला आली तेव्हा आभाळ भरलं होतं." पारखीबाई आतून म्हणत, "आभाळ नव्हतं. तुम्ही दिव्याखाली बसला होतात." हा संवाद इतका जुना झाला होता की त्यात आता हसणेही ठरलेल्या जागी येई.

तर एका वर्षी रंगशाळेत एक नवा रंग आला. रंगशाळेच्या रसायनतज्ज्ञांना गिरणीत थेंबसाहेब म्हणत, कारण चहात दूधसुद्धा ते थेंब मोजून घालत. थेंबसाहेब तो रंग घेऊन स्वतः दिव्याच्या खोलीत आले. सायीचा रंग होता. अगदी फिका, डोळ्यांना निववणारा. इस्पितळाला बाळंतिणींच्या खोलीसाठी पडदे हवे होते, त्यासाठी.

"इतका फिका टिकायचा नाही," पारखीबाई म्हणाल्या.

"बघा तर खरं. हा उजेडाला दाद देत नाही."

आणि खरेच, त्याने दाद दिली नाही. दिव्यातून काढला तेव्हा पट्टीच्या उघड्या भागावर जिना चढून आल्यासारखी किंचित लाली होती. पारखीबाईंनी ती पाहिली. असे होते, त्यांना ठाऊक होते. पट्टी खणात गेली. सकाळी उत्तरेच्या खिडकीत पुठ्ठा काढला तर दोन्ही भाग एकसारखे, जणू एका भागाला दिवा कधी लागलाच नव्हता. फिका रंग आणि एवढा पक्का त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी वरची श्रेणी दिली, सही केली, आणि पडदे इस्पितळात गेले.

थंडीचे दिवस सुरू झाले आणि पारखीबाईंची लेक त्याच इस्पितळात बाळंत झाली. मुलगा झाला. पहिलाच नातू. पारखीबाई रजा टाकून हजर झाल्या. जावयाची आई, म्हणजे विहीणबाई, त्यांच्याही आधी येऊन बसल्या होत्या.

बाळंतिणींची खोली लांबट होती. एका बाजूला ओळीने खाटा, दुसऱ्या बाजूला मोठ्या खिडक्या, आणि खिडक्यांवर ते सायीच्या रंगाचे पडदे. खिडक्या उत्तरेच्या होत्या. पारखीबाईंनी आत पाऊल टाकले, पडद्याचा काठ दोन बोटांत धरला आणि लेकीला म्हणाल्या, "हे आमचेच."

"आई, बाळ इकडे आहे," लेक म्हणाली.

नातू छान होता. गुलाबी. गालांवर, कपाळावर, मुठींवर, सगळीकडे गुलाबी छटा. शेजारच्या खाटेवरचे बाळही तसेच. सिस्टर म्हणाली, "या पडद्यांनी खोलीला कशी माया आलीय बघा. सगळी बाळं टवटवीत दिसतात." पारखीबाईंना तो आपलाच गौरव वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई बाळाला पुसून आणायला शेजारच्या न्हाणीघरात घेऊन गेल्या. परतल्या त्या कपाळाला आठी घालून.

"विहीणबाई, बाळ मला पिवळं वाटतंय."

"कुठं?"

"न्हाणीघरात. छाती पिवळी दिसली."

पारखीबाईंनी बाळ घेतले, खिडकीशी गेल्या, पडद्यातून येणाऱ्या मऊ उजेडात धरले, तोंड बघितले, दुपटे सोडून छाती बघितली. गुलाबी. त्या हसल्या.

"न्हाणीघरात पिवळा बल्ब आहे. त्याच्याखाली दूधसुद्धा पिवळं दिसेल. रंग बघायचा तर इथे बघावा. हा बघा, कसा गुलाबाच्या पाकळीसारखा आहे."

"बल्ब बंद होता. वरच्या झरोक्याचा उजेड होता."

"झरोक्याचा उजेड म्हणजे भिंतीवरून परतून येणारा. भिंत कसल्या रंगाची आहे?"

भिंत कसल्या रंगाची, हे विहीणबाईंनी पाहिले नव्हते. "तुमच्या डोळ्यांना पगार मिळतो बाई," त्या म्हणाल्या, "आमचे आपले फुकटचे डोळे."

"आई, तुम्ही दोघी नका ना सुरू करू," लेक डोळे मिटूनच म्हणाली. तिला सासूला उद्देशून बोलायचे होते की आईला, ते दोघींनीही आपापल्या सोयीने ठरवले.

तेवढ्यात सिस्टर फिरत आली. बाळाकडे बघून म्हणाली, "काय, सगळं ठीक? घरच्यांना काही वेगळं वाटलं तर लगेच सांगत जा हं."

विहीणबाईंनी तोंड उघडले. त्याआधी पारखीबाई म्हणाल्या, "काही नाही हो, आमचं विहिणी-विहिणींचं चाललंय."

सिस्टर हसली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

त्या दिवशी बाळ शांत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आणखी शांत. डॉक्टर फेरीला आल्या, बघून गेल्या. बाळ अंगावर घेतले की दोन घोट ओढी आणि झोपी जाई. तळपायाला टिचकी मारली तर तोंड वाकडे करी, पुन्हा झोपी जाई. शेजारच्या खाटेवरची बाई कौतुकाने म्हणाली, "किती शहाणं बाळ! आमचं बघा, रात्रभर गाव गोळा करतं." पारखीबाईंनाही कौतुक वाटले. शांत स्वभाव आजोबांवर गेलाय, असे त्या म्हणाल्या.

विहीणबाई कालपासून लागेल तेवढेच बोलत होत्या. खोली बाळांसाठी उबदार ठेवलेली होती आणि त्यांना ऊब सोसत नसे. पदराने वारा घेऊन कंटाळल्या, तेव्हा इकडे तिकडे बघून उठल्या. खिडकीच्या पडद्यावर 'शांतता राखा' अशी पुठ्ठ्याची पाटी पिना लावून टांगलेली होती. त्यांनी पिना सोडल्या आणि पाटी काढून घेतली.

"अहो, ती पाटी आहे," पारखीबाई म्हणाल्या.

"असू दे. शांतताच हवी ना? मी तर तोंड शिवूनच बसलेय." आणि त्या पाटीने वारा घेऊ लागल्या.

पारखीबाईंचे त्या टोमण्याकडे लक्षच गेले नाही. त्या पडद्याकडे बघत होत्या. पाटी होती तिथे, पडद्याच्या मधोमध, सायीच्या रंगाचा एक चौकोन होता. आणि त्या चौकोनाभोवतीचा सगळा पडदा, वरपासून खालपर्यंत, गुलाबी-केशरी होता.

अर्धे झाकलेले, अर्धे उघडे. आयुष्यभर त्यांनी हेच बघितले होते. त्यांना विचार करावा लागला नाही.

उत्तरेचा उजेड बाळापर्यंत येतच नव्हता. या कापडातून गाळून, गुलाबी होऊन येत होता. आणि हे कापड सायीचे आहे हे त्यांना इतके पक्के माहीत होते, की ते आता कसे दिसतेय याकडे त्यांनी पाहिलेच नव्हते. सकाळी उन्हे वर येताना ते सावकाश रंगत गेले असणार आणि त्यांचे डोळेही त्याच्याबरोबर सरावत गेले.

त्या उठल्या. पडदा दोन्ही हातांनी एका टोकाला खेचला. पांढरा, थंड, उघडा उजेड खाटेवर पडला. त्यांनी बाळ उचलले, दुपटे सोडले आणि त्या उजेडात धरले.

बाळ पिवळे होते. तोंड, गळा, छाती, पोट. त्यांनी छातीवर बोट टेकून उचलले. बोटाच्या जागी क्षणभर फिकटलेला ठसा राहिला, तोही पिवळा. पापणी जरा वर केली तर डोळ्याच्या पांढऱ्यातही हळद.

"विहीणबाई..." त्यांनी बाळ पुढे केले.

विहीणबाई जवळ आल्या, बघितले, आणि हातातली पाटी टाकून सगळी खोली दणाणेल अशी हाक मारली, "सिस्टर!"

पुढचे सगळे भराभर झाले. टाचेतून रक्त घेतले गेले. बाळ त्या टोचण्याने जेमतेम कण्हले, आणि ते कण्हणे पारखीबाईंना रडण्यापेक्षा वाईट वाटले. सकाळच्या फेरीच्याच डॉक्टर आल्या. तरुण होत्या, घाईत होत्या. त्यांनी विचारले, "पिवळेपणा कधीपासून दिसतोय?"

विहीणबाईंनी छताकडे बघितले. त्यांनी सांगितले असते तर कोणी दोष दिला नसता, पण त्या बोलल्या नाहीत.

"काल सकाळी ह्यांना दिसला होता," पारखीबाई म्हणाल्या. "मी ह्यांना गप्प बसवलं. सिस्टरांनाही मीच काही नाही म्हणून सांगितलं."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितले. मग पडद्याकडे बघितले. मघाचा सायीचा चौकोन आता लाजल्यासारखा गुलाबी होऊ लागला होता. "आज सकाळी फेरीत मीही बघितलंय त्याला," त्या सावकाश म्हणाल्या. "मलाही गुलाबीच दिसला. सिस्टर, सगळे पडदे काढा. आत्ता. आणि सगळी बाळं उघड्या खिडकीपाशी पुन्हा बघू."

सगळी बाळे बघितली गेली. आणखी एका बाळाला थोडी कावीळ होती, पण ती नेहमीची, आपोआप जाणारी. नातवाची तशी नव्हती. रक्तातला आकडा वर होता, आणि आणखी वर गेला तर रक्त बदलावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. असा आकडा फार वेळ वर राहिला तर मेंदूला आणि कानांना धोका असतो, हेही सांगितले. लपवून ठेवले नाही.

बाळाला काचेच्या पेटीत ठेवले. डोळ्यांवर मऊ पट्टी बांधली, अंगावर निळे दिवे लावले. लेक पेटीशी बसली होती. पारखीबाई तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेल्या, तर तिने खांदा काढून घेतला.

"आई, त्या काल म्हणाल्या होत्या. मी ऐकलं होतं. पण तू म्हणालीस नाही, म्हणून मी डोळे मिटून झोपले. रंगाचं आई म्हणते म्हणजे झालं, असं वाटलं मला."

पारखीबाई बाहेर व्हरांड्यात येऊन बाकावर बसल्या.

त्यांनी गिरणीत फोन केला. मॅनेजर म्हणाले, "पडदे रंग बदलतात? कसं शक्य आहे? चाचणीत पास झालेत. तुमचीच सही आहे."

"हो, माझीच आहे. म्हणूनच सांगतेय. ह्या रंगाचं कापड जिथे जिथे गेलंय तिथून परत मागवा."

दुपारी थेंबसाहेब स्वतः आले. काढलेल्या पडद्याचा एक तुकडा त्यांनी व्हरांड्याच्या कठड्यावर पसरला, त्यावर आपला हातरुमाल ठेवला, आणि दोघेही वाट बघत बसले. थोड्या वेळाने रुमाल उचलला. खाली साय, बाजूला गुलाबी.

"पेटीत असं दिसलं नव्हतं," पारखीबाई म्हणाल्या. "जरा लाली होती, बस. इतका कडक दिवा, आणि हे साध्या आभाळाच्या उजेडात..."

"दिवा कडक होता म्हणूनच." थेंबसाहेब बाकावर टेकले. "या रंगाचा एकेक कण म्हणजे एक छोटं घर समजा. घरात ऑक्सिजन आहे, शेजारीच नायट्रोजन. ऑक्सिजनच्या मांडीवर हायड्रोजनचं एक मूल बसलंय. नुसता प्रोटॉन, फार छोटं. मांडी आईची, पण बोट धरलंय शेजारच्या मावशीचं. उजेड आला की हे मूल आईची मांडी सोडून मावशीच्या मांडीवर जातं. डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी. आणि मूल गेलं की सगळं घर जरा पिळा घेतं. मग ते साय राहत नाही, लाल दिसतं."

"आणि अंधारात?"

"अंधारात मूल घरी परततं. घरातलं काहीच मोडत नाही, म्हणून रंग उडत नाही. म्हणून तुम्हाला तो इतका पक्का वाटला. पण परतायला ऊब मिळाली की ते लवकर परततं. आपली पेटी भट्टीसारखी तापते. तिथे जेवढी मुलं मावशीकडे जातात, तेवढी लगेच पिटाळली जातात. इथे खोली उबदार असली तरी पडदा थंडीत, गार काचेजवळ; सकाळपासून एकेक करत सगळी जाऊन बसली, परत पाठवणारं कोणी नाही." ते थांबले. "मला हे सुचायला हवं होतं. भुकटीत ही घरं एकमेकांना चिकटून बसतात, पिळा घ्यायला जागा नसते, म्हणून भुकटी लाल होत नाही. मी भुकटीच उन्हात ठेवून बघितली होती. कापडावर ती मोकळी झाली."

पारखीबाईंना त्यांचा राग आला नाही. त्यांना खण आठवत होता. लाली त्यांना दिसली होती. दिसली होती आणि त्यांनीच ती अंधारात निजवून घालवली होती, कारण नियम तसा होता आणि नियम बरोबर होता. काल विहीणबाईंचे बोलणेही त्यांनी तसेच निजवले.

"आतले निळे दिवे काय करतात?" त्यांनी विचारले.

"काविळीचं पिवळं द्रव्य स्वतःलाच घट्ट मिठी मारून बसलेलं असतं. ती मिठीही हायड्रोजनच्याच धाग्यांची. म्हणून ते पाण्यात विरघळत नाही, अंगाबाहेर जात नाही. निळ्या उजेडाने ते वळतं, मिठी सुटते, आणि पाणी त्याला घेऊन जातं." थेंबसाहेब उठले. "जाईल. जायला हवं."

'जायला हवं' हे शब्द त्यांनी नको तेवढे हळू उच्चारले.

संध्याकाळी दुसऱ्यांदा रक्त घेतले. आकडा वर गेला नव्हता, खालीही फारसा आला नव्हता. बाळ मात्र एकदा स्वतःहून रडले, आणि त्या आवाजाने लेक त्या दिवसात पहिल्यांदा हसली आणि हसता हसता रडू लागली. कानांची तपासणी पुढे करावी लागेल, डॉक्टर म्हणाल्या, आत्ता काही सांगता येत नाही.

विहीणबाई व्हरांड्यात आल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. म्हणाल्या, "भिंत पांढरी आहे."

"काय?"

"न्हाणीघराची. तुम्ही विचारलं होतं ना काल. मी मुद्दाम जाऊन बघितली आज."

पारखीबाईंनी मान खाली घातली. "मी बघायला हवी होती. माझ्या पायांना काय झालं होतं? चार पावलांवर तर होतं."

"मीही ओरडायला हवं होतं कालच. विहिणीच्या मानापानात गप्प बसले." विहीणबाईंनी पदराने नाक पुसले. "तुम्ही म्हणालात आणि मलाही वाटलं, आपल्याला काय कळतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने अंग पुसण्यापुरते निळे दिवे बंद केले. खोलीच्या खिडक्या आता उघड्या होत्या, पडद्यांच्या दांड्या मोकळ्या होत्या. रक्ताचा नवा आकडा अजून यायचा होता. सिस्टरने बाळाला उचलून खिडकीशी आणले, डोळ्यांवरची पट्टी काढली आणि पारखीबाईंपुढे धरले. "आजी, तुम्ही रंगातल्या. बघा बरं, उतरलाय का?"

लेकही वर बघू लागली.

उजेड स्वच्छ होता. पण निळ्या दिव्याखालून नुकतेच काढलेले मूल डोळ्यांना कसे दिसते, हे पारखीबाईंना सांगता येत नव्हते. आणि नातू बरा दिसावा ही इच्छा डोळ्यांत इतकी दाटली होती की त्यांचा स्वतःवर भरवसा नव्हता. त्या बाजूला झाल्या.

"मला नको विचारू. विहीणबाई, तुम्ही बघा."

विहीणबाई पुढे आल्या. त्यांनी बाळाची छाती बघितली, पोट बघितले, पाय बघितले, वाकून डोळे बघितले. घाई केली नाही.

"पाय उतरलेत," त्या म्हणाल्या. "छाती अजून पिवळी आहे."

लेकीने आईकडे बघितले. आई काहीतरी म्हणेल, विहीणबाईंचे म्हणणे पुसून टाकेल, निदान थोडे फिके करेल, अशी तिची नजर होती. पारखीबाईंनी मान हलवली.

"त्या म्हणतात तर आहे," त्या म्हणाल्या. "ठेवा त्याला परत दिव्याखाली."

सिस्टरने पट्टी बांधली आणि निळा उजेड पुन्हा लागला. तिघी आकड्याची वाट बघत पेटीपाशी बसल्या.